भिजलेला मका, काळी ज्वारी आणि मोटारीचे इंधन



२०२५ च्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. त्यानंतर येडशीत पारावर बसलो असताना एका मामांनी विचारले, "साहेब, मका भिजून काळी पडली. जनावरं बी तोंड लावंनात. आता म्हणं त्याचं पेट्रोल हुतंय. खरं हाय का?"

मामा, खरं आहे, पण अर्धंच. कसे ते आज पाहू.

पेट्रोलमध्ये मिसळतात ते इथेनॉल, म्हणजे मद्यार्क. पूर्वी ते मुख्यतः उसाच्या मळीपासून होई. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने मका, तांदळाची कणी आणि खाण्यास अयोग्य धान्य यांनाही वाट मोकळी केली. २०२५ साली पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण शेकडा वीसपर्यंत गेले.

उसात साखर तयार असते. दाण्यात असते पिष्ट. भाकरीचा घास बराच वेळ चघळा, गोड लागतो. लाळ पिष्टाची साखर करते. कारखान्यात तेच काम विकरे करतात. धान्य दळायचे, पाण्यात कालवून शिजवायचे, विकरे घालून त्याची साखर करायची. मग ते निववून त्यात यीस्ट सोडतात. दोन-अडीच दिवसांत ते आंबते. शेवटी ऊर्ध्वपातन करून मद्यार्क वेगळा काढतात आणि त्यातले उरलेसुरले पाणीही काढून टाकतात.

एक क्विंटल मक्यापासून सुमारे ३८ लिटर इथेनॉल मिळते. उसाच्या रसापासून क्विंटलमागे सुमारे ७ लिटर. शिवाय मक्याला उसाच्या मानाने पाणी फार कमी लागते. आपल्या कमी पाण्याच्या भागात हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता उरलेले अर्धे. कारखान्याला दाणा नको, दाण्यातले पिष्ट हवे. बुरशी तेच पिष्ट खाते. दाणा जितका सडेल तितके इथेनॉल कमी, म्हणजे भावही कमी. दुसरे असे, की बुरशीचे विष मद्यार्काबरोबर निघून जात नाही. क्विंटलमागे सुमारे ३० किलो कोरडा चोथा उरतो. तो पशुखाद्यात जातो आणि त्यात विषाचे प्रमाण जवळजवळ तिप्पट होते. म्हणून "कारखान्याला काय बी चालतंय" हा समज सोडून द्यावा.

मग काय करावे?

१. कणसे काढल्यावर ढीग घालू नका. ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा. काळी कणसे पहिल्याच दिवशी वेगळी करा.

२. ओलावा १४ टक्क्यांवर आणा. घरची परीक्षा अशी: कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा दाणे व दोन-तीन चमचे कोरडे मीठ घालून हलवा. पाव तासाने मीठ काचेला चिकटले तर दाणा अजून ओला आहे.

३. वजन घटते म्हणून ओला माल विकू नका. २० टक्के ओलाव्याचे १०० किलो वाळून ९३ किलो होतात. घटते ते पाणी. पिष्ट तेवढेच राहते आणि बुरशीला आळा बसतो.

४. गाडी भरण्याआधी ओलाव्याची मर्यादा, कपात आणि भाडे विचारून लिहून घ्या.

५. बुरशीचा दाणा घरात किंवा दावणीला वापरू नका. शिजवून विष जात नाही.

६. घरी भट्टी लावू नका. परवान्याशिवाय मद्यार्क काढणे हा गुन्हा आहे. शिवाय त्यात पाणी राहते आणि ते पेट्रोलला चालत नाही.

शेवटी ज्वारीविषयी. खरिपाची ज्वारी पावसात काळी पडली तर तिला हा मार्ग आहे. पण रब्बीची मालदांडी इथेनॉलसाठी नाही. तिची भाकरी घराला आणि कडबा जनावरांना हवा. पोटाचे आधी, गाडीचे नंतर.

मामा, चांगली कणसे अजून वेगळी निघतील. ऊन पडले आहे, आजच पसरा.