सामाईक वहीची राखण



आजचा विषय ऐकून काहींना वाटले असेल की, ही संगणकवाल्यांची गोष्ट. व्याख्यानमालेत तिचे काय काम? आमचे उत्तर असे की, हा विषय यंत्राचा कमी आणि राखणीचा अधिक आहे. प्रत्येक संस्थेत एखादा जाणता माणूस असतो. कोणता दस्तऐवज कोठे आहे, देणगीची अट काय होती, हे त्यालाच ठाऊक. तो निवृत्त झाला की संस्थेची निम्मी आठवण त्याच्याबरोबर जाते. ती राहावी म्हणून सर्वांनी मिळून लिहावयाची जी वही, तिला आज 'विकी' म्हणतात.

पहिली विकी अमेरिकेत वॉर्ड कनिंगहॅम ह्यांनी १९९५ साली लोकांपुढे ठेवली. हवाईच्या भाषेत 'विकी' म्हणजे 'लवकर'. होनोलुलूच्या विमानतळावरील 'विकी विकी' बसवरून त्यांनी हे नाव घेतले. चूक दिसली की वाचणाऱ्यानेच ती तेथल्या तेथे सुधारावी, ही मूळ कल्पना. २००१ साली विकिपीडिया आला आणि २००३ साली मराठी विकिपीडिया. ती वही जगाची झाली. आपल्या संस्थेची वही आपल्याच सर्व्हरवर मांडावयाची, तर निवड आणि राखण दोन्ही आपल्याकडे येतात.

प्रथम निवड. मीडियाविकी हे विकिपीडियाचेच सॉफ्टवेअर. ते समर्थ आहे, पण त्याला पीएचपी आणि डेटाबेस दोन्ही सांभाळावे लागतात. शिवाय ते सर्वांनी सर्व वाचावे ह्या हेतूने घडले आहे. काही पाने काहींपासून लपवावयाची असतील, तर त्यावर विसंबू नये. डोकुविकी २००४ साली जर्मनीच्या आंद्रेआस गोर ह्यांनी केले. त्याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे साधी मजकुराची फाइल. कोणी काय वाचावे, काय लिहावे, हे पानवार ठरविण्याची सोय त्यात मुळातच आहे. बुकस्टॅकमध्ये कपाट, पुस्तक, प्रकरण आणि पान अशी मांडणी असते. ग्रंथालयात वावरलेल्या माणसाला ती चटकन उमजते. त्यालाही डेटाबेस लागतो.

ही तिन्ही सॉफ्टवेअरे फुकट मिळतात; पण फुकट मिळालेल्या गाईलाही वैरण लागतेच. म्हणून जाहिरात न वाचता परीक्षा घ्यावी. वीस खरी पाने घालावी. संगणकाशी फारसा परिचय नसलेल्या कारकुनास त्यांतील एक दुरुस्त करावयास सांगावे. मग मराठीत शोधून पाहावे; 'ग्रंथालय' शोधल्यावर 'ग्रंथालयात' सापडतेच असे नाही. शेवटी सर्व मजकूर बाहेर काढून दुसरीकडे वाचता येतो का, ते पाहावे. घरात शिरण्याचे दार सगळेच दाखवितात. शहाण्याने बाहेर पडण्याचे दार आधी पाहावे.

आता राखण. नोंदणी सर्वांना मोकळी ठेवली, तर माणसांच्या आधी जाहिराती डकविणारी यंत्रे येतात. म्हणून वाचन खुले, पण लेखनाचा परवाना ओळखीने, हे लहान संस्थेला मानवते. सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्त्या वेळेवर चढवाव्या लागतात. मीडियाविकीच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीलाही सुमारे तीनच वर्षे सुरक्षेची डागडुजी मिळते.

सर्वांत मोठी गोष्ट प्रतींची. मीडियाविकीची प्रत म्हणजे डेटाबेस, चित्रांचा साठा आणि मांडणीची फाइल, ही तिन्ही मिळून. एक राहिले की गाडा अडतो. प्रत त्याच यंत्रावर ठेवणे म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवणे. आणि जी प्रत कधी उभारून पाहिली नाही, ती आहे असे धरूच नये. वर्षातून एकदा तरी दुसऱ्या यंत्रावर ती उभी करावी आणि पाने उघडून वाचावी.

किल्ल्या एकाच्या हाती नसाव्यात. संकेतस्थळाचे नाव संस्थेच्या नावावर असावे, कोणा उत्साही तरुणाच्या नावावर नव्हे. पासवर्ड मोहोरबंद पाकिटात चिटणिसांकडे असावेत. नाहीतर जाणता माणूस गेल्यावर आठवण जाते म्हणून विकी केली, आणि विकीचा जाणता गेल्यावर विकीच गेली, असे व्हायचे!

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? एखाद्या कंपनीच्या जागेत भाड्याने राहावे. हे म्हणणे खोटे नाही. जेथे वर्षातून एकदा प्रत उभारून पाहावयास माणूस नाही, त्या संस्थेने स्वतःचा संसार थाटूच नये. भाड्याने राहावे आणि मजकुराची प्रत दर महिन्यास आपल्याकडे आणावी. त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो दहा वर्षांचे लिखाण सांभाळावयास कोणी नाही, हे माहीत असूनही डोळे मिटण्यात.

म्हणून संस्थेच्या पुढील सभेत 'कोणते सॉफ्टवेअर?' ह्याआधी 'कोण सांभाळणार, आणि त्याच्यामागे कोण?' हा प्रश्न मांडावा. दोन नावे कागदावर आली, की मग वही उघडावी.