अथेन्सचे धान्य आणि एक ओबोल



प्राचीन ग्रीस म्हटले की सॉक्रेटीस आठवतो, प्लेटो आठवतो. पण अथेन्सच्या लोकसभेला तत्त्वज्ञानापेक्षा धान्याची चिंता अधिक होती. ॲटिकाची जमीन ऑलिव्हला चांगली, जवाला बरी, गव्हाच्या बाबतीत मात्र कृपण. त्यामुळे इ. स. पू. चौथ्या शतकात हे शहर काळ्या समुद्रापलीकडून येणाऱ्या धान्यावर जगत होते. एकट्या बॉस्पोरसच्या राज्यातून सुमारे ४ लाख मेदिम्नॉस धान्य येते, असे डेमॉस्थेनिसने सांगितले आहे.

साहजिकच निर्बंध कडक होते. अथेन्सच्या रहिवाशाने अन्य बंदरात धान्य नेणे हा गुन्हा होता. चिठ्ठ्या टाकून निवडलेले धान्याधिकारी पावाचा भाव गव्हाच्या भावाशी ताडून पाहत. पावाचे वजनही तेच ठरवीत. किरकोळ विक्रेत्याने एका वेळी ५० फॉर्मोसांहून अधिक धान्य घेऊ नये आणि खरेदीवर एका ओबोलपेक्षा, म्हणजे द्राख्माच्या सहाव्या हिश्शापेक्षा, अधिक नफा घेऊ नये, असा दंडक होता. तो मोडल्याबद्दल इ. स. पू. ३८६ च्या सुमारास काही विक्रेत्यांवर खटला भरला गेला. लिसिअसने लिहिलेले फिर्यादीचे भाषण आजही वाचता येते. जहाजे बुडाली, स्पार्टाने पकडली, बंदरे बंद झाली, अशा अफवा हे लोक उठवतात आणि भाव चढवतात, हा त्याचा आरोप. साठेबाजीची ही रीत ओळखीची नाही काय? शिक्षा देहान्ताची होती. आरोपी नागरिकत्व नसलेले परकीय रहिवासी होते. गंमत अशी की लिसिअसही त्यांच्यातलाच.

व्याजाला मात्र कायद्याची मर्यादा नव्हती. जहाजावरील मालाच्या तारणावर एका फेरीसाठी शेकडा साडेबावीस, उशीर झाल्यास तीस, असा दर एका करारात नोंदलेला आहे. जहाज बुडाले तर सावकाराचे पैसे बुडत, हे खरे. पण तो बोजा अखेर पावाच्या भावातच जमा होई.

आणि ह्या धान्याची किंमत चुकवायची कशाने? अथेन्सहून परतताना दुसरा माल नसला तरी चांदी न्यावी, ती कुठेही नफ्याने खपते, असे झेनोफॉन लिहितो. ती चांदी लॉरिऑनच्या खाणींतून गुलाम काढीत. पाचव्या शतकातला सेनापती निकिआस याने १,००० गुलाम एका थ्रेशियन ठेकेदाराला भाड्याने दिले होते. दर होता माणशी रोज एक ओबोल. कराराची आणखी एक अट होती : गुलामांची संख्या ठेकेदाराने कायम राखायची.