मळणीयंत्रावरचा अपघात आणि भरपाईचा हिशेब

कामावरच्या अपघाताची भरपाई मजुराचे वय, महिन्याची मजुरी आणि कमाईची शक्ती किती टक्के गेली, या तीन आकड्यांवर ठरते. हे सूत्र 1923 च्या कायद्यातले. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तेच ठेवले आहे.

जऊळक्याच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी आटोपली की गंज्यांपाशी मळणीयंत्र येऊन उभे राहते. यंत्राच्या तोंडात पेंढ्या लोटणारा मजूर कायद्याच्या कक्षेत येतो, कारण परिशिष्टात यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या शेतीकामाची नोंद आहे. त्याच वावरात हाताने निंदण करणारी बाई मात्र त्या नोंदीत बसत नाही. ही रेघ न्याय्य नाही, पण आहे.

समजा, या मजुराचे वय 30 आणि रोज 400 रुपये. काम सुरू होऊन वीसच दिवस झाले असतील तर वीस दिवसांची मजुरी धरत नाहीत. त्याच मालकाकडे किंवा त्याच भागात तसलेच काम करणाऱ्याची गेल्या बारा महिन्यांतली सरासरी मासिक मजुरी धरतात. काम महिन्याहून जास्त आणि वर्षाहून कमी असेल, तर मिळालेल्या एकूण मजुरीला दिवसांनी भागून 30 ने गुणतात. मध्ये चौदा दिवसांपर्यंतचा खाडा पडला तरी काम सलगच मानतात. मजुरी कितीही असली, तरी 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेनुसार हिशेबात महिन्याला 15,000 रुपयांपर्यंतच धरली जाते.

मासिक मजुरी 12,000 निघाली, तर पूर्ण कायमच्या अपंगत्वासाठी तिचे 60 टक्के म्हणजे 7,200 धरतात. तिशीचा गुणक 207.98, गुणाकार 14,97,456 रुपये. एका हाताची तीन बोटे गेली तर परिशिष्टात 30 टक्के लिहिले आहेत, म्हणून 4,49,237 रुपये. मालकाच्या वहीत मजुरी 8,000 दाखवली असेल तर हाच आकडा 2,99,491 वर येतो. तीच बोटे, तोच हात, आणि दीड लाखाचा फरक केवळ हजेरीच्या वहीतून. मृत्यूला 60 ऐवजी 50 टक्के लागतात. मेलेल्याचा स्वतःचा खर्च संपला, असा तो रोकडा हिशेब.

हात बरा होणार असेल, तर दर पंधरवड्याला मासिक मजुरीचे 25 टक्के, म्हणजे इथे 3,000 रुपये, जास्तीत जास्त पाच वर्षे. पहिले तीन दिवस कोरडे जातात. मात्र अपंगत्व 28 दिवस किंवा जास्त टिकले तर पहिल्या दिवसापासून पैसे मिळतात. राज्य विमा योजनेतल्या कारखाना कामगाराला याच काळात सरासरी मजुरीच्या 90 टक्के मिळतात, शेतातल्याला निम्मी.

रक्कम देय झाल्यापासून महिनाभरात दिली नाही तर वर्षाला 12 टक्के व्याज चढते, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही बसतो.