जुन्या वेगवान मोटारसायकलीचा जीर्णोद्धार

देवळाचा, वाड्याचा अथवा किल्ल्याचा जीर्णोद्धार ही कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. ढासळलेला चिरा उचलावा, त्याची मूळची जागा शोधावी आणि तो तेथेंच पुन्हां बसवावा, हें काम पुण्यकारक मानण्याची येथें जुनी चाल आहे. यंत्राच्या वांट्याला मात्र हा मान क्वचितच येतो. तें चालतें तोंवर घरचें आणि बंद पडलें कीं भंगाराचें, अशी लोकरीत. तथापि कांहीं यंत्रें या लोकरीतीला अपवाद ठरलीं आहेत. पडवीच्या कोपऱ्यांत पोत्याखालीं वीस-वीस वर्षें पडून राहिलेली एखादी मोटारसायकल बाहेर काढून ती मूळ स्वरूपांत आणण्यासाठीं माणसें पैसा, वेळ आणि अंगमेहनत यांची पर्वा करीत नाहींत. अशा गाड्यांमध्यें भारतांत विशेष मान आहे तो राजदूत ३५० या गाडीला. तिचें उदाहरण घेतलें म्हणजे या कामाचें तंत्र काय, त्यांतील धोके कोणते आणि त्याला मर्यादा कोठें पडते, हें सर्व एकत्रच ध्यानांत येतें.

या गाडीचें कूळ जपानी आहे. यामाहा कंपनीनें १९७३ सालीं आर. डी. ३५० या नांवाची गाडी बाजारांत आणली. तिचें एंजिन ३४७ घनसेंटिमीटरचें, दोन सिलिंडरांचें आणि टू-स्ट्रोक पद्धतीचें होतें; गिअर सहा आणि शक्ति ३९ अश्वशक्तीची. पुढें १९८३ सालीं फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीनें यामाहाच्या सहकार्यानें हीच गाडी राजदूत ३५० या नांवानें भारतांत काढली. येथील पेट्रोलची महागाई लक्षांत घेऊन तिची शक्ति कमी करण्यांत आली. प्रारंभीच्या गाड्या ३०.५ अश्वशक्तीच्या, तर नंतरच्या २७ अश्वशक्तीच्या होत्या. पुढच्या चाकाचा मूळचा डिस्क ब्रेक जाऊन त्या जागीं ड्रम ब्रेक आला. इतकी काटछांट होऊनहि ही गाडी त्या काळच्या भारतीय रस्त्यावर विलक्षणच होती. जवळ जवळ तेवढ्याच आकाराचें एंजिन असलेली बुलेट सुमारें १८ अश्वशक्तीची होती, एवढ्या एका तुलनेवरून हें स्पष्ट होईल. परंतु बाजार विलक्षणतेवर चालत नाहीं. १९८५ च्या सुमारास शंभर घनसेंटिमीटरच्या, थोड्या पेट्रोलांत पुष्कळ अंतर तोडणाऱ्या जपानी धर्तीच्या गाड्या आल्या आणि गिऱ्हाईक तिकडे वळलें. १९९० च्या सुमारास राजदूत ३५० चें उत्पादन थांबलें. ज्या गाड्या त्या वेळीं होत्या, त्यांतूनच आजच्या गाड्या उरल्या आहेत. नवी एकहि होणार नाहीं.

अशी गाडी हातीं लागली म्हणजे पहिला मोह होतो तो ती तात्काळ सुरू करून पाहण्याचा. हा मोह आवरणें ही जीर्णोद्धाराची पहिली पायरी होय. वर्षानुवर्षें स्थिर राहिलेल्या सिलिंडरांत ओल शिरते, पिस्टनच्या कडा गंजानें भिंतीस धरल्या जातात, आणि अशा वेळीं किक मारणें म्हणजे गंजाच्या कणांनीं सिलिंडर खरवडून घेणें होय. जाणता कारागीर प्लग काढतो, त्या छिद्रांतून पातळ तेल सोडतो आणि पिस्टन आपण होऊन सुटेपर्यंत कांहीं दिवस वाट पाहतो. हातोडा तो जवळहि ठेवीत नाहीं. दरम्यान तो गाडीचीं छायाचित्रें घेतो, प्रत्येक तार आणि प्रत्येक नळी कोठून कोठें जाते हें टिपून ठेवतो आणि सांगाड्यावरील क्रमांक कागदपत्रांतील क्रमांकाशीं पडताळून पाहतो. क्रमांक जुळत नसेल, तर पुढचा सर्व खर्च व्यर्थ जाण्याचा संभव असतो. कारण ती गाडी रस्त्यावर कायदेशीर रीतीनें कधींच उतरूं शकणार नाहीं.

गाडी उघडण्याचें कामहि धीराचें आहे. जपानी यंत्रांतील फुलीच्या स्क्रूची खांच नेहमींच्या फुलीच्या स्क्रूहून किंचित् निराळी असते. साधा पेंचकस त्यांत नीट बसत नाहीं, निसटतो आणि खांच झिजवितो. मऊ ॲल्युमिनियमच्या झाकणांवर पेंचकसाचे ओरखडे दिसले कीं पूर्वींच्या कारागिराची घाई ओळखूं येते. योग्य आकाराचें हत्यार, थोडी ऊब आणि झिरपणारें तेल या तिन्हींच्या साह्यानें जो स्क्रू सुटतो, तोच पुन्हां वापरतां येतो.

एंजिन उघडल्यावर खरी परीक्षा सुरू होते. टू-स्ट्रोक एंजिनांत पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण प्रथम पिस्टनखालच्या बंदिस्त पोकळींत येतें आणि मग वर ढकललें जातें. म्हणून ही पोकळी हवाबंद असली पाहिजे. तिच्या दोन्ही टोंकांस, जेथें क्रँकचा दांडा बाहेर येतो, तेथें रबरी ऑइल सील असतें. काळानें हें रबर कडक होतें. उजव्या बाजूचें सील गेलें तर गिअरचें तेल आंत ओढलें जातें आणि सायलेन्सरमधून धुराचे लोट निघतात. हा दोष निदान डोळ्यांना दिसतो. डाव्या बाजूचें सील गेलें तर मात्र कांहींच दिसत नाहीं. बाहेरची हवा आंत शिरते, मिश्रण विरळ होतें, पिस्टन प्रमाणाबाहेर तापतो आणि भरधांव वेगांत असतांना अकस्मात् सिलिंडरांत जाम होतो. मागचें चाक त्या क्षणीं जागच्या जागीं अडकतें, आणि स्वाराचा हात क्लचवर नसेल तर तो रस्त्यावर फेंकला जातो. दोनअडीचशें रुपयांचें रबर वांचविण्यासाठीं मनुष्याचा प्राण पणास लावूं नये, हा या विद्येंतील पहिला धडा आहे. म्हणूनच काळजीवान कारागीर एंजिन जोडल्यावर त्याचीं सर्व तोंडें बंद करतो, आंत थोडी हवा भरतो आणि ती कांहीं मिनिटें टिकते कीं नाहीं हें दाबमापकावर पाहतो.

यापुढें येतो तो सिलिंडर. सिलिंडरचा मूळ व्यास ६४ मिलिमीटर आहे. भिंत झिजली किंवा खरवडली गेली म्हणजे लेथ अथवा बोअरिंग यंत्रावर तो थोडा रुंद करतात आणि तितकाच मोठा पिस्टन बसवितात. कारखान्यानें यासाठीं पाव-पाव मिलिमीटरच्या चार पायऱ्या ठरविलेल्या आहेत: पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर. सर्व जीर्णोद्धाराचें मर्म या चार पायऱ्यांत आहे. प्रत्येक बोअरबरोबर कांहीं धातु कायमचा निघून जातो आणि तो परत घालतां येत नाहीं. चौथी पायरी संपली म्हणजे जुनें अस्तर काढून नवें बसवावें लागतें, त्यांतील छिद्रें मूळच्या मार्गांशीं तंतोतंत जुळवावीं लागतात, आणि हें काम उत्तम साधणारे हात थोडे असतात. जो कारागीर जेथें पाव मिलिमीटर पुरला असता तेथें सरसकट अर्धा मिलिमीटर कापतो, तो गाडीच्या आयुष्यांतील एक पायरी चोरतो. यांत वाईट हेतु नसतो. केवळ योग्य मापाचा पिस्टन दुकानांत मिळाला नाहीं, एवढेंच कारण असतें. परंतु हानि तीच.

क्रँकचा दांडा एकसंध नसतो. त्याचे निरनिराळे भाग दाबून बसविलेले असतात. नवे कनेक्टिंग रॉड घालण्यासाठीं तो सुटा करावा लागतो आणि पुन्हां दाबल्यानंतर दोन टोंकांवर फिरवून त्याचा वांकडेपणा मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजावा लागतो. तेलाच्या पंपाचें काम याहून सोपें, परंतु तितकेंच निर्णायक असतें. या गाडींत तेल पेट्रोलांत मिसळावें लागत नाहीं. निराळ्या टाकींतील तेल एक लहानसा पंप एंजिनाला पुरवितो आणि मूठ जितकी पिळावी तितकें तेल वाढतें. गाडी पुष्कळ दिवस पडून राहिल्यावर या नळ्यांत हवा सांठते. ती न काढतां एंजिन सुरू केलें, तर नवा पिस्टन कांहीं मिनिटांत जळतो. म्हणून अनुभवी माणसें पंपांतली हवा काढतातच, शिवाय पहिल्या वेळीं पेट्रोलांतहि थोडें तेल घालून ठेवतात.

ब्रेकच्या बाबतींत काटकसरीला मुळींच वाव नाहीं. ही गाडी ताशीं सव्वाशें किलोमीटरचा वेग सहज ओलांडते, आणि पुढें ड्रम ब्रेक आहे. जुन्या ब्रेकशूवरील अस्तर गोंदानें चिकटविलेलें असतें. तो गोंद वयानें मरतो आणि अस्तर सुटून चाकांत अडकूं शकतें. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्यानें त्याची धूळ हवेनें न उडवितां ओल्या फडक्यानें पुसावी. टायर वरून कितीहि चांगला दिसला, तरी वीस वर्षांचें रबर दगडासारखें झालेलें असतें. त्याची पकड गेलेली असते.

पेट्रोलच्या टाकीचा प्रश्न अलीकडे अधिक बिकट झाला आहे. आंतील गंज सौम्य आम्लानें अथवा विजेच्या प्रवाहानें काढतां येतो. परंतु २०२३ पासून भारतांत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकलें जाऊं लागलें. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें आणि जुन्या जातीच्या रबराला फुगवितें. १९८३ च्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधील वॉशर या इंधनासाठीं बनविलेले नव्हते. म्हणून ते बदलावे, आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावे.

यंत्र चालूं लागल्यावर वाद निर्माण होतो तो रूपाचा. कांहीं जण गाडी आरशासारखी चमकवितात. कारखान्यांतून निघतांनाहि ती तशी नव्हती. कांहीं जण मूळ रंग जेवढा उरला असेल तेवढा राखतात आणि केवळ गंज थांबवितात. मूळ रंग कोणता होता, हें टाकीच्या तळाशीं आणि रबरी पट्ट्यांखालीं पाहिलें असतां कळतें, कारण तेथें ऊन पोंचत नाहीं. नवा रंग केव्हांहि देतां येतो, परंतु मूळचा एकदां खरवडला कीं गेला, ही गोष्ट दुसऱ्या पक्षाच्या बाजूनें बोलते. उलट सांगाड्यास खोल गंज लागला असेल तर तो उघडा करून दुरुस्त केलाच पाहिजे, कारण तेथें प्रश्न शोभेचा राहत नाहीं, बळकटीचा असतो.

कायद्यानेंहि मूळ रूपाला महत्त्व दिलें आहे. केंद्र सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या आणि सांगाडा, बांधणी व एंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी मिळूं शकते. मात्र अशा वाहनाचा रोजच्या रहदारीसाठीं उपयोग करतां येत नाहीं. १९८३ सालीं नोंदलेली राजदूत ३५० या वयाला २०३३ सालीं पोंचेल. त्या वेळीं मूळ स्वरूपांत किती गाड्या उरतील, हें आजच्या कारागिरांच्या हातून काय घडतें यावर अवलंबून आहे.

हे कारागीरहि आतां वृद्ध होत चालले आहेत. पुण्याच्या नाना पेठेंतील सुट्या भागांचीं दुकानें असोत, कोल्हापूरच्या उद्यमनगरांतील लेथ असोत, तेथील जाणत्या माणसांना एंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगतां येतो. परंतु तें ज्ञान कागदावर नाहीं. म्हणून जीर्णोद्धार करणाऱ्यानें एक साधी वही ठेवावी. सिलिंडरचें आजचें माप काय, पिस्टन कोणत्या पायरीचा, सील केव्हां बदललें, कोणता भाग मूळचा आणि कोणता नवा घडविलेला, हें सर्व तारखेसह तींत लिहावें. गाडी विकली तर वहीहि तिच्याबरोबर द्यावी. पुढचा मालक एंजिन उघडील तेव्हां चार पायऱ्यांपैकीं किती शिल्लक आहेत हें त्याला आधींच ठाऊक असेल, आणि ती पुढची पायरी तो विचार करूनच खर्च करील.