नसलेल्या फंक्शनचा प्रश्न



एका संगणकावर विनासायास चालणारा सी भाषेतील प्रोग्रॅम दुसऱ्यावर नेला की 'अमुक फंक्शन सापडत नाही' एवढे सांगून अडून बसतो. स्मृतिव्याख्यानासाठी मी हा लहानसा प्रश्न घेतला आहे. कारण तो घाईने सोडवताना जे केले जाते, ते पुष्कळदा मूळ अडचणीहून घातक ठरते.

आपल्याकडे टर्बो सीवर शिकलेल्यांना पडदा पुसणारे फंक्शन भाषेचाच भाग वाटे. लिनक्सवर ते मिळेना, की दोष लिनक्सच्या माथी! वस्तुतः १९८९ च्या प्रमाणकात ते कधीच नव्हते; ती डॉसवरील कंपायलरांच्या घरची सोय होती.

अधिक बोधप्रद उदाहरण 'स्ट्रलकॉपी'चे. जुने 'स्ट्रकॉपी' मजकूर उतरवताना जागा किती आहे हे विचारतच नाही, आणि मजकूर शेजारच्या स्मृतीत सांडतो. म्हणून १९९८ साली ओपनबीएसडीने जागेचे माप घेणारे हे फंक्शन आणले. लिनक्सवरील जीलिबसीच्या धुरीणांनी मात्र ते वर्षानुवर्षे नाकारले. मजकूर निमूटपणे छाटला जातो, हा त्यांचा आक्षेप. तो अगदीच निराधार होता असे मला वाटत नाही. तेव्हा अनेकांनी 'लिनक्स असेल तर आपले स्वतःचे वापरा' असे लिहून ठेवले. २०२३ मध्ये जीलिबसीने ते अखेर स्वीकारले, आणि एकाच नावाची दोन फंक्शने समोरासमोर येऊन असे कित्येक प्रोग्रॅम कंपाइल होईनात.

१९९१ पासूनचे ऑटोकॉन्फ प्रणालीचे नाव विचारण्यावर विसंबत नाही. ते त्या फंक्शनला हाक मारणारा चिमुकला प्रोग्रॅम रचते आणि तो लिंक होतो का, ते पाहते. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकतात, कंटाळा येतो खरा. पण उत्तर त्या यंत्राचे, त्या दिवसाचे असते.

फंक्शन नसल्याचे ठरल्यावर पर्याय लिहावा लागतो, आणि धोका येथेच आहे. कित्येक जण 'स्ट्रलकॉपी'च्या जागी सरळ 'स्ट्रनकॉपी' बसवतात. नावे जुळी, वर्तन भिन्न. पहिले मूळ मजकुराची पूर्ण लांबी परत करते, म्हणून छाटणी झाली की नाही हे कळते; दुसरे केवळ पत्ता परत करते, आणि जागा पुरली नाही तर शेवटचे शून्यही लिहीत नाही. कंपायलरने फार तर एखादी सूचना दिली, प्रोग्रॅम तयार झाला, परीक्षकानेही पाहिला. पुढे एखाद्या दिवशी कोणी लांबलचक नाव टंकले, की तो वाचता वाचता परक्या स्मृतीत शिरतो.