वसतिगृहाच्या दारापर्यंत

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



बारावीचा निकाल, प्रवेश परीक्षेचे गुण, प्रवेशाच्या फेऱ्या हे सारे आटोपले की मध्यमवर्गीय घरात एक वेगळीच लगबग सुरू होते. गादी, बादली, कुलूप, मच्छरदाणी, कागदपत्रांची फाईल, चिवड्याचे आणि शंकरपाळ्यांचे डबे यांची यादी तयार होते. लातूरचा मुलगा पुण्याला जातो, रत्नागिरीची मुलगी नागपूरला जाते. आई-वडील त्यांना वसतिगृहाच्या खोलीपर्यंत पोहोचवतात आणि परततात. त्या रात्री घरात एक ताट कमी मांडले जाते. या दिवसाची तयारी सामानाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर असते. मनाच्या बाबतीत ती बहुधा झालेलीच नसते. आजचा विषय या दुसऱ्या तयारीचा आहे.

विद्येसाठी मुलाने घर सोडणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. उपनयन या शब्दाचा अर्थच मुळी गुरूजवळ नेणे असा आहे. आज मुंज हा अर्ध्या दिवसाचा समारंभ झाला असला, तरी त्यातील दोन विधी विचार करण्याजोगे आहेत. पहिला मातृभोजनाचा. बटू आईबरोबर एका पानात जेवतो, आणि ते जेवण त्याच्या बालपणाचे शेवटचे जेवण मानले जाते. दुसरा भिक्षावळीचा. बटू भिक्षा मागण्यास निघतो तेव्हा त्याच्या झोळीत पहिली भिक्षा आईच घालते. जिने त्याला आजवर हाताने भरवले, तीच त्याला इतरांच्या दारी उभे राहण्यास निरोप देते. विद्या पूर्ण झाल्यावर समावर्तन, म्हणजे सोडमुंज. निरोपाला विधी होता आणि परतण्यालाही विधी होता. मूल दूर जाणार हे दुःख न लपवता, त्याला आकार देण्याची ही रीत होती.

या परंपरेची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कालौघात हा संस्कार काही घरांपुरता आणि त्यातही मुलग्यांपुरता उरला. समाजाचा फार मोठा भाग आणि सर्व स्त्रिया त्या दाराबाहेर राहिल्या. महाराष्ट्रात ते दार पुन्हा उघडले ते वसतिगृहांनी. म्हणून वसतिगृहाकडे केवळ राहण्या-जेवण्याची सोय म्हणून पाहणे हे आपल्याच इतिहासाचे विस्मरण ठरेल.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. त्यापाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशा विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. खेड्यातील हुशार मुलगा शाळेपर्यंत पोहोचत नाही, कारण शहरात त्याला डोके टेकण्यास जागा नाही आणि दोन घास देणारे कोणी नाही, हे महाराजांनी ओळखले होते. शाळा काढणे जितके महत्त्वाचे, तितकेच शाळेजवळ निवारा उभा करणे महत्त्वाचे, ही त्यांची दृष्टी होती.

त्याच काळात महर्षी धोंडो केशव कर्वे स्त्रियांसाठी हेच कार्य करीत होते. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० साली तो पुण्याजवळच्या हिंगण्याला एका साध्या झोपडीत नेला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवून झाल्यावर अण्णा आश्रमासाठी लागणारे सामान घेऊन हिंगण्याची वाट पायी तुडवीत असत. ज्या काळी विधवेने घराचा उंबरठा ओलांडणे हाच अपराध होता, त्या काळी तिला शिकण्यासाठी घराबाहेर राहण्याची सुरक्षित जागा मिळाली. आज जी मुलगी चारचाकीत सामान भरून वसतिगृहाकडे निघते, तिच्या वाटेचा पहिला टप्पा त्या चिखलाच्या रस्त्यावर तयार झाला आहे.

आणि मग कर्मवीर भाऊराव पाटील. ते स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकले. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते उपस्थित राहिले, म्हणून परतल्यावर त्यांना स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. भाऊरावांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडले, पण मुले उपाशी ठेवली नाहीत. त्या मुलांनी एकत्र दळण दळले, एकत्र स्वयंपाक केला, एका पंगतीत जेवण केले. ज्या प्रश्नावर शेकडो भाषणे झाली, तो प्रश्न एका स्वयंपाकघराने निदान त्या मुलांपुरता सोडवला होता.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण वर्तमानाशी निगडित आहे. मुलाला खोली मिळाली की अनेक सुशिक्षित पालकांचा पहिला प्रश्न असतो, “खोलीत दुसरा कोण आहे?” आडनाव कळले की चेहऱ्यावरचे भाव बदलतात. काही जण कार्यालयात जाऊन “जरा आपल्यातला कोणी असेल तर बघा” अशी विनंतीही करतात. सभेत समरसतेवर टाळ्या देणारा गृहस्थही वसतिगृहाच्या खिडकीशी हे वाक्य बोलून जातो. हे वाक्य अठरा वर्षांच्या मुलासमोर उच्चारले जाते, हे लक्षात घेतले पाहिजे. घरात वर्षानुवर्षे केलेले संस्कार त्या एका वाक्याने पुसले जाऊ शकतात. खोलीतला सोबती परभणीच्या ऊसतोड कामगाराचा मुलगा असेल, नंदुरबारच्या पाड्यावरचा असेल किंवा मणिपूरचा असेल. त्याच्या डब्यातला पदार्थ वेगळा असेल, त्याची प्रार्थना वेगळी असेल. अशा सोबत्याबरोबर एका खोलीत चार वर्षे काढणे हे पदवीइतकेच मोठे शिक्षण आहे. पालकांनी करावयाचे काम एकच: त्या सोबत्याशी आपुलकीने बोलावे आणि चिवड्याचा एक डबा त्याच्यासाठीही न्यावा.

आता त्या प्रत्यक्ष दिवसाविषयी. अनेक घरांत आई खोलीचा ताबा घेते. कपाट लावते, चादर घालते, कोणती वस्तू कोठे राहील हे ठरवते. वडील कार्यालयात अर्ज स्वतःच भरतात, मुलाने केवळ सही करायची. यामागचे प्रेम निर्विवाद आहे. परंतु ती खोली मुलाची आहे, आणि तिच्यातली पहिली वस्तू त्याने स्वतःच्या हाताने ठेवली पाहिजे. शुल्काची पावती त्याने सांभाळावी, खानावळीचे नियम त्याने विचारावेत, अधीक्षकांशी त्याने बोलावे. पालकांनी शेजारी उभे राहावे आणि गप्प राहावे. हे गप्प राहणे फार कठीण असते. भिक्षावळीतील आई झोळीत भिक्षा घालते, पण झोळी मुलानेच धरलेली असते.

काही बाबतींत मात्र पालकांनी जागरूकच राहिले पाहिजे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून अस्तित्वात आहे. २००९ साली हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात रॅगिंगमुळे विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी कठोर नियम केले. त्यानुसार विद्यार्थी आणि पालक या दोघांकडूनही प्रतिज्ञापत्र घेतले जाते. अनेक पालक न वाचताच त्यावर सही करतात. ते मुलासह बसून वाचावे. आपला मुलगा बळी पडू नये ही काळजी सर्वांनाच असते. आपला मुलगा दुसऱ्या वर्षी छळणाऱ्यांत सामील होऊ नये, ही काळजी त्याहून कमी महत्त्वाची नाही.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षण संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे निर्देश दिले. खोली पाहण्यास गेलेल्या पालकांनी पंखा चालतो का हे जसे पाहावे, तसे समुपदेशक कोठे बसतात हेही विचारावे. ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक मुलाच्या भ्रमणध्वनीत पहिल्या दिवशीच असावा. त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. ताप आला तर वैद्याकडे जायचे, मन आजारी पडले तरीही जायचे, इतकी ही साधी गोष्ट आहे.

गावाकडे वर्गात पहिला येणारा मुलगा मोठ्या महाविद्यालयात पोहोचतो तेव्हा त्याच्या वर्गातील प्रत्येक जण कोठे ना कोठे पहिला आलेला असतो. पहिल्या सत्रात त्याला आयुष्यात प्रथमच कमी गुण पडतात. इंग्रजीतील व्याख्यान समजत नाही आणि विचारण्याचा संकोच वाटतो. अशा वेळी घरून आलेल्या दूरध्वनीवर “गुण किती?” हा पहिला प्रश्न असेल, तर मूल “सगळे ठीक आहे” एवढेच सांगू लागते. “जेवलास का?” हा प्रश्न चांगला आहे, आणि “कोणाबरोबर जेवलास?” हा त्याहून चांगला आहे. जो सतत एकटा जेवतो, रात्र-रात्र जागतो, सुट्टीतही घरी येण्याचे टाळतो, त्याच्याकडे त्वरित लक्ष द्यावे. आणि निरोपाच्या वेळी वडिलांनी एक वाक्य स्पष्टपणे उच्चारावे: “जमले नाही तर परत ये. घर तुझेच आहे.” आपल्या पिढीतील पुरुषांना हे वाक्य जड जाते. तरीही ते मनात न ठेवता तोंडाने बोलले गेले पाहिजे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म अन्याय घडतो. मुलाला वसतिगृहात सोडताना स्वातंत्र्याची भाषा होते, मुलीला सोडताना केवळ मर्यादांची यादी वाचली जाते. दिवसातून दहा वेळा दृक्-दूरध्वनी करून खोली दाखवण्यास सांगणे ही काळजी नव्हे, तो अविश्वास आहे. शिस्त दोघांनाही सारखी असावी आणि विश्वासही सारखा असावा. संकटात सापडलेली मुलगी प्रथम घरी कळवील की घरापासून लपवील, हे त्या विश्वासावरच ठरते.

ज्यांची मुले सुस्थितीत आहेत त्यांच्यावर समाजाचे दायित्वही आहे. शासकीय वसतिगृहांत सर्वांना जागा मिळत नाही. त्यासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांकरिता डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांकरिता पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. योजना असतात, पण दुर्गम गावातील पालकाला त्यांचे अर्ज, दाखले आणि मुदती यांची वाट सापडत नाही. प्रत्येक तालुक्यातील चार कार्यकर्त्यांनी प्रवेशाच्या दिवसांत एक टेबल मांडून हे अर्ज भरून दिले, तर कित्येक मुले शिक्षणात टिकतील.

पूर्वी पुण्यासारख्या शहरात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्यात मुलाला मिंधेपण येई हे खरे, आणि तो काळ परत यावा अशी कोणाचीही इच्छा नसेल. परंतु त्या पद्धतीत परक्या गावात सात घरे मुलाला नावाने ओळखत होती. आज वसतिगृहाच्या भिंतीपलीकडच्या सोसायटीत त्या मुलाला कोणीही ओळखत नाही. महाविद्यालयाच्या परिसरात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने महिन्यातून एका रविवारी वसतिगृहातील दोन विद्यार्थ्यांना जेवायला बोलवावे. त्यांचे आडनाव विचारू नये, गुण विचारू नयेत. गरम वरण-भात वाढावा आणि घरच्यासारखे बोलावे. आपले मूल दूरच्या कोणत्या तरी शहरात असेच कोणाच्या तरी पानावर बसलेले असावे, अशी ज्या आईची इच्छा आहे, तिने प्रथम आपल्या घरी एक पान जास्त मांडावे. सुरुवात येत्या रविवारपासून करता येईल.