कलेजीतली चपटी कीड



बोंडअळीचं अंडं, अळी, कोष, पतंग तुम्हाला तोंडपाठ आहे. कोणत्या अवस्थेत फवारणी वाया जाते, तेही तुम्ही जाणता. गोठ्यातल्या एका किडीचा मात्र आपण असा हिशेब कधी मांडत नाही. तिचं नाव यकृतातला पर्णकृमी, म्हणजे लिव्हर फ्लूक. आपल्याकडे आढळणारी जात फॅसिओला जायगँटिका. हे नाव कॉबोल्ड या इंग्रजाने १८५५ साली जिराफातल्या कृमीवरून ठेवलं. आपल्याकडे तिला म्हैस, बैल, शेळी सगळं चालतं.

तुम्ही म्हणाल, कोरडवाहू गावात ही पाण्याची कीड कुठली? अहो, पाणी कमी म्हणूनच तर! साऱ्या गावाची जनावरं एकाच पाझर तलावावर जातात. तिथंच शेण पडतं, तिथंच गोगलगाय, आणि हिरवं गवतही तिथंच उरतं.

शेणातली अंडी पाण्यात पडली की उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत फुटतात. निघालेल्या अळीला साधारण एका दिवसात लिम्निया जातीची गोगलगाय मिळाली नाही तर ती मरते. मिळाली तर तिच्या पोटात एकीच्या शेकडो होतात. ही गोगलगाय ओळखायला शिका. शंख पातळ, तोंड रुंद. टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं की ते उजव्या हाताला येतं. तबकडीसारखी चपटी असते ती वेगळी, तिच्यातून दुसरे कृमी पसरतात.

गोगलगायीतून सुटलेल्या अळ्या पाण्यातल्या गवताला चिकटून कवच करतात. दसरा-दिवाळीनंतर पाणी ओसरतं, ते गवत उघडं पडतं आणि जनावर ते खातं. पिल्लं आतडं भेदून यकृतात शिरतात, ते पोखरत पित्तनळ्यांत जातात. शेणात अंडी दिसायला तीन-चार महिने लागतात. तोवर बैल खंगतो, जबड्याखाली पाणी उतरतं आणि आपण कडब्याला दोष देतो. पेरणीच्या तोंडावर जोडी मोडली तर नवा बैल कशाच्या जोरावर घ्यायचा?

कापलेल्या शेळीची कलेजी चिरून पाहा. जाड झालेल्या नळ्यांत पानासारखे, एक ते तीन इंच लांब, करडे-तपकिरी कृमी दिसले तर तेच.

औषधाचं नीट ऐका. अल्बेंडाझोल मोठे कृमी मारतं, यकृत पोखरणारी पिल्लं वाचतात. ट्रायक्लाबेंडाझोल दोन्हींवर चालतं. मात्रा वजनावर ठरते, आणि दुधाचं जनावर असेल तर डॉक्टरांना तसं आधी सांगा. एकट्याने औषध पाजून भागत नाही, शेजाऱ्याचं शेण त्याच पाण्यात जातं. गावाने एकदम पाजावं, काठावरचं ओलं गवत गव्हाणीत टाकू नये, पाणी शक्यतो हौदात पाजावं.

दवाखान्यात ताजं शेण न्याल तेव्हा गाळ बसवून तपासायला सांगा. ही अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यावर तरंगवण्याच्या तपासणीत हुकतात.